ताटलीचा बाक

४ फेब्रुवारी

सुईदोऱ्या,

हे पत्र तुला आहे, आणि तुझ्यामागे उभ्या असलेल्या त्या सगळ्यांना आहे, ज्यांनी हाताने मोजून खरं सांगितलं आणि ज्यांना उत्तर मिळालं, तुम्ही तुमचं काम बघा. तुम्हा सगळ्यांची तक्रार एकच आहे. चूक आधी तुम्हाला दिसते आणि ठपकाही तुमच्यावरच येतो. ही तक्रार माझीसुद्धा आहे. आपण दोघं ती एकाच घरातून, एकाच दिवशी घेऊन निघालो.

तो दिवस तुला आठवत असेल. मी अकरा वर्षांची, तू सात. बाबा त्या मोठ्या इमारतीत फरशी बसवत होते आणि आपण त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. बाबा गुडघ्यांवर बसून पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघत म्हणाले, "साहेब, उतार मोरीकडे नाही, दाराकडे जातोय." इंजिनिअरने मानही वर केली नाही. "उतार कागदावर ठरलाय. तू फरशी बसव." महिन्याभराने पाणी दाराकडे वाहिलं आणि कामावरून गेले ते बाबा. त्या संध्याकाळी ते बराच वेळ नुसते हात धूत राहिले. तू त्यांची पाणसळ उशाशी घेऊन झोपलास. मी ठरवलं की मी बोलायला शिकेन, आणि असं बोलेन की कागदवाल्यांना मान वर करावीच लागेल.

तीस वर्षं बोलते आहे. सभागृहांत, वर्गांत, परिषदांत. हाताने काम करणाऱ्याचं ऐका, हे जितक्या व्यासपीठांवरून मी सांगितलं तितकं कोणी सांगितलं नसेल. तू मला भोंगा म्हणायचास ते उगाच नाही.

आता कामाचं. आकाशाचा नवा नकाशा पूर्ण होत आलाय, जुन्यापेक्षा बराच खोल. बाबा खोलीबाहेर न जाता दोरीने सांगायचे की खोली काटकोनात आहे की नाही. मी तेच विश्वाबाबत करते. दोरीच्या जागी माझ्याकडे आकाशगंगांच्या जोड्या आहेत. एका ठरावीक अंतरावर त्या थोड्या जास्त सापडतात, आणि ते अंतर म्हणजे निसर्गाने सगळीकडे टाकून ठेवलेली फूटपट्टी. अवकाश सपाट असेल तर दूरची फूटपट्टी एका मापाची दिसेल, वाकलेलं असेल तर दुसऱ्या. तीन वर्षांपूर्वी आम्हाला ती अपेक्षेपेक्षा मोठी दिसली. आम्ही छापलं की विश्व वाकलेलं आहे. नव्या नकाशाच्या पहिल्या चाचणीत तो बाक दिसत नाहीये. गटातली तरुण पोरं प्रश्न विचारायला लागली आहेत.

मला तुझी निळी वही हवी आहे.

सभेत त्या दिवशी जे झालं ते वाईट झालं. पण एक लक्षात घे. तेव्हा आमच्या सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी होती. तुला तळघरात हे कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून सांगते. माणसाला जे उत्तर हवं असतं ते मिळालं की तो चुका शोधायचं थांबवतो. म्हणून आम्ही मुद्दाम सगळी अंतरं एका गुप्त संख्येने ताणून ठेवतो. ती संख्या फक्त एका व्यक्तीकडे असते. पद्धत तपासून संपली, सगळ्यांनी सह्या केल्या, की मगच ती सांगितली जाते. तोवर खरं उत्तर कोणालाच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

सुईदोऱ्या,

माझं पत्र तू परत पाठवलंस. मला वाटलं न उघडताच. उघडल्यावर दिसलं की तू ते शब्द न् शब्द वाचलंयस आणि सुताराच्या त्या जाड पेन्सिलीने बहुतेक सगळं खोडलंयस. "तळघरात हे कोणी नीट सांगितलं नसेल" यावर तर दोनदा. पाण्याची, उताराची, बाबांच्या हात धुण्याची हकीकत ठेवलीस. "मला तुझी निळी वही हवी आहे" ठेवलंस. "वाईट झालं" याच्याभोवती गोल करून बाजूला लिहिलंस, "झालं की केलंस?" आणि सगळ्यात खाली, "एवढंच पोचलं. बाकी भोंगा."

ते पत्र समोर टेबलावर ठेवूनच हे लिहिते आहे.

रविवारी तुझ्या घरी आले होते, हे तुला कळलं असेल. तुझ्या बायकोने दार उघडलं, पण पूर्ण नाही. म्हणाली, "आता तुम्हाला वन्सं म्हणायचं की मॅडम?" मी म्हटलं, काहीही म्हण, तो आहे का घरात. म्हणाली, "आहेत. पण तुमच्यासाठी नाहीत." आतून तुझ्या कानशीचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला. मग परत सुरू झाला. मी जिना उतरले.

तर केलं. काय केलं ते लिहिते. तुला माहीत आहे, पण मी ते कधी लिहिलेलं नाही आणि लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तुम्ही सहा जण तळघरातल्या त्या लांब टेबलांवर दिवसभर ताटल्या भरायचात. हातभर रुंद ॲल्युमिनियमची ताटली, तिला हजार भोकं, प्रत्येक भोक आकाशातल्या एका आकाशगंगेच्या जागी. प्रत्येकात एक काचेची तार हाताने खोचायची, म्हणजे त्या आकाशगंगेचा प्रकाश तारेतून खाली येतो आणि तिचं अंतर कळतं. तू सगळ्यांत वेगाने खोचायचास. लहानपणी आईची सुई एका दमात ओवायचास, तसंच. काम तुला मी मिळवून दिलं होतं, आणि मला वाटतं हे मी तुला विसरू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात तू तीनदा माझ्या खोलीत आलास. तिन्ही वेळा मी घाईत होते. तिसऱ्यांदा म्हणालास, "ताई, नव्या लॉटच्या ताटल्यांना कडेची भोकं घट्ट आहेत. तार पूर्ण आत जात नाही." मी म्हटलं, सभेत बोल. मला वाटलं नव्हतं तू येशील.

तू आलास. चाळीस माणसं, निम्मी दुसऱ्या संस्थांतली. तू कामाचा एप्रन काढला नव्हतास. वही उघडलीस आणि म्हणालास, "मला एवढंच सांगायचंय की नकाशात कडेला काहीतरी गडबड असणार."

आणि मी माईक हातात घेऊन म्हणाले, "माझा भाऊ सांगतोय की विश्वाला कड आहे. का, तर त्याच्या ताटलीला आहे."

चाळीस माणसं हसली. मी त्यांना हसवलं. मला हसवता येतं, तो माझा धंदाच आहे, आणि वाक्य तोंडातून निघण्याआधी मला ठाऊक होतं की ते बसणार. तू वही मिटलीस. "बरं," म्हणालास. व्हरांड्यात मी तुझ्या मागे आले तेव्हा तू वळून न बघता म्हणालास, "उतार कागदावर ठरलाय, नाही का ताई?"

त्याच संध्याकाळी तू काम सोडलंस. शोधनिबंध छापला तेव्हा आभाराच्या पानावर तळघरातल्या पाच जणांची नावं होती. सहावं मीच काढलं. कोणी विचारलं नाही.

वही पाठव. माझ्यासाठी नको. तू म्हणालास ते बरोबर होतं की नाही, हे तुला तरी कळायला हवं.

ताई


८ मार्च

सुईदोऱ्या,

वही मिळाली. चिठ्ठी नव्हती, फक्त पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "चहाचा कप ठेवू नये."

ठेवला नाही.

तुला कधी कोणी सांगितलं नसेल की ही वही किती सुंदर आहे, म्हणून मी सांगते आणि हे भाषण नाही. चारशे बारा ताटल्या. प्रत्येकीचा नंबर, तारीख, खोलीत किती थंडी होती ते, आणि कडेच्या प्रत्येक भोकापुढे एक खूण. बसली. दोनदा दाबून बसली. अर्धं नख बाहेर राहिली. बसलीच नाही. कोणी सांगितलं नव्हतं तुला हे लिहायला.

आमच्याकडे एक आकडेवाली आहे, तुला आठवत असेल, चष्मा डोक्यावर सरकवून सगळीकडे चष्मा शोधणारी. ती आणि मी नऊ दिवस वही संगणकात भरत होतो. ती वाचायची, मी टाइप करायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, यांचं अक्षर आपल्या सगळ्यांच्या कोडपेक्षा सरळ आहे."

मग मोजणी परत केली.

ताटल्या आम्ही पोलादी कड्यात किंचित वाकवतो, दुर्बिणीत उमटणारं चित्र वाकलेलं असतं म्हणून. मधल्या भोकांना काही होत नाही. कडेची भोकं तिरपी होतात, आणि नव्या लॉटमध्ये ती मुळातच घट्ट होती. तार अर्धं नख बाहेर राहिली की प्रकाश सांडतो. जवळच्या ठळक आकाशगंगांना त्याने फरक पडत नाही. दूरच्या, मंद असलेल्या गळून जातात. म्हणजे आमच्या नकाशात दूरवरचं आकाश ताटलीताटलीच्या कडेने विरळ झालं होतं, कसर लागलेल्या कापडासारखं, आणि तिथली फूटपट्टी आम्हाला ताणलेली दिसली. तुझ्या खुणा हिशोबात घेतल्यावर ती परत तिच्या मापात आली. बाक शून्याला टेकला.

विश्व वाकलेलं नव्हतं. ताटली वाकलेली होती. आणि हे तू सभेत एका वाक्यात सांगितलं होतंस.

वहीचं शेवटचं पान मी शेवटी वाचलं. सभेच्या दिवशीचं. ताटलीचा नंबर, थंडी, आणि खाली, "कडेची सत्तेचाळीस बसली नाहीत. सांगितलं."

त्या एका शब्दाने माझं जे केलं ते तुझ्या सगळ्या खोडाखोडीने केलं नव्हतं. कारण आता मला ते लिहायलाच हवं जे दोन्ही पत्रांत मी लपवलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, उत्तर मलाही माहीत नव्हतं. ते खोटं आहे.

सभेच्या बारा दिवस आधी, दुपारी, आकडेवाली जेवायला गेली होती. गुप्त संख्या तिच्याकडे असायची. तिचा संगणक उघडा होता. मी माझ्या व्याख्यानाची प्रत छापायला तिच्या खुर्चीवर बसले, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले. माझ्या खोलीतला प्रिंटर उत्तम चालत होता. फाईलचं नाव समोर होतं. मी ती उघडली, संख्या वाचली, बंद केली. चार सेकंद लागले असतील. भागाकार मी जिन्यात तोंडी केला.

विश्व वाकलेलं निघत होतं. अकरा वर्षं मी भाषणांत जे सांगत होते तेच. सपाटवाले माझ्यावर हसायचे, आणि आता मी बरोबर निघत होते. त्या दिवशी मी पोटभर जेवले. नंतर वर्गात इतकं छान शिकवलं की पोरं तास संपल्यावरही उठेनात.

म्हणून सुईदोऱ्या, तू तिसऱ्यांदा माझ्या खोलीत आलास तेव्हा मी घाईत नव्हते. मला उत्तर मिळालेलं होतं आणि तुझ्या हातातली वही ते काढून घेऊ शकली असती. तू खरं बोलतोयस हे मला तिथेच वाटलं होतं. सभेत मी तुझ्यावर हसले ते तू मूर्ख वाटलास म्हणून नाही. तू बरोबर असशील याची भीती वाटली म्हणून. त्या इंजिनिअरला निदान कागदावर भरवसा तरी होता. मला तोही नव्हता.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी सभा आहे. तिथे सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

ताई


२५ मार्च

सुईदोऱ्या,

शुक्रवारी सांगितलं.

माईक घेतला नाही. सहा वाक्यं लिहून नेली होती, तेवढीच वाचली. संख्या मी आधी पाहिली होती. भावाने दाखवलेली चूक मी त्यामुळेच दाबली. त्याला सगळ्यांसमोर हसले. त्याचं नाव काढलं. वहीप्रमाणे मोजलं तर बाक उरत नाही. निबंध मागे घ्यावा. सातवं वाक्य तोंडाशी आलं होतं, चांगलं होतं, ते गिळलं.

कोणी हसलं नाही आणि कोणी ओरडलंही नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. आकडेवालीने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम. फाईल कधी उघडली ते दिसतं. मी जेवत होते ती वेळ, आणि परत येताना तुम्ही जिन्यात भेटला होतात. मला वाटलं, तुम्ही स्वतःहून सांगाल." ती तीन वर्षं रोज सकाळी मला नमस्कार करत होती, आणि रोज वाट बघत होती.

निबंध मागे घेतला जातोय. प्रमुखपद माझ्याकडून गेलं. ठरलेली व्याख्यानं मी रद्द केली. एका ठिकाणच्या आयोजकांनी फोनवर विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, तब्येत चांगली आहे, भाषण खोटं होतं. ते म्हणाले, मग दुसऱ्या विषयावर द्या. तुला हसू आलं असेल. मलाही आलं.

नव्या नकाशावर मला काम करू देणार आहेत, मागच्या खोलीत, मोजणीपुरतं. तेही मी मागितलं म्हणून. सही करण्याचा अधिकार नाही. हे योग्यच आहे.

आता नव्या नकाशाला नवी गुप्त संख्या हवी. कोणाकडे ठेवायची यावर मला खोलीबाहेर पाठवून दोन तास चर्चा झाली. काय बोलणं झालं ते मला तुमच्या तळघरातल्या मिशीवाल्यांनी जिन्यात सांगितलं. संचालक म्हणत होते की असा माणूस हवा ज्याला उत्तर सपाट आलं काय आणि वाकडं आलं काय, सारखंच. आणि जो हिच्या बोलण्यात येणार नाही. त्यावर मिशीवाले म्हणाले, "हिच्या बोलण्यात न येणारा एकच माणूस आपल्याकडे होता. तो हिनेच घालवला." तुझ्या नावाला चाळीस जणांनी हात वर केले. ते मिशी चोळत मला हे सांगत होते आणि त्यांना वाईट वाटत होतं, कारण मी रडत होते आणि त्यांच्याकडे रुमाल नव्हता, फक्त ताटली पुसायचं फडकं होतं. ते दिलं त्यांनी. तेलाचा वास येत होता.

तुझं उत्तरही त्यांनीच सांगितलं. "ताईने दिलेलं मला नको."

तर ऐक. मी काही दिलेलं नाही, माझ्याकडे देण्यासारखं काही राहिलेलं नाही. मी त्या खोलीत नव्हते. ज्यांना मी तुझ्यावर हसवलं होतं त्यांनीच, माझ्याविना, तुझं नाव घेतलंय. माझ्यावरच्या रागाने तू नाही म्हणालास, तर त्या खोलीत परत माझंच चाललं असं होईल, आणि ते तू होऊ देऊ नयेस. मला क्षमा करायची की नाही हा वेगळा विषय आहे, त्याची घाई नाही, ती मी मागतही नाही. तुझ्या दारावर मी परत येणार नाही. तुझी कानस चालू राहू दे.

पण हे काम तुझं आहे. इथे बारा तरुण पोरं आहेत. त्यांना काय उत्तर हवंय ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, जसं माझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांना कोणीतरी माझ्यापासून आणि त्यांच्या स्वतःपासून वाचवायला हवं. तेवढा सरळ हात मला तुझ्याशिवाय माहीत नाही.

निळी वही मी संचालकांच्या कपाटात ठेवली आहे. तिच्यावर तुझं नाव, पूर्ण, मी माझ्या हाताने लिहिलंय. तू आलास की संचालक ती तुला परत देतील.

गुरुवारी सकाळी दहाच्या आत ये. येताना एक संख्या निवड. कोणतीही. कागदावर लिही, पाकिटात घाल, पाकीट चिकटव, त्यावर सही कर आणि संचालकांच्या हातात दे.

मला सांगू नकोस.

ताई